कोरस नसलेला अल्बम

फुलंब्रीच्या बसमध्ये पुढच्या सीटवरच्या नवराबायकोत इअरफोनची एकच वायर होती. प्रत्येक खड्ड्याला ती ताणली जाई, पण कुणाचाच कान सुटत नव्हता. मागं बसलेल्या अपेक्षानं हातातलं पुस्तक मिटलं आणि त्या दोघांच्या बोलण्याकडं कान दिला.

“अमेरिकेतल्या जोडीचा अल्बम हाय, रूपा. आल्टरनेटिव्ह कंट्री,” नवरा सांगत होता.

“म्हंजी काय?”

“गावाकडचं गाणं. पण गावाकडच्यांना पटत नाय असं.”

“मग त्याला बसवत्यात कुठं?”

“‘अमेरिकाना’ नावाच्या खान्यात. जे कुठंच बसत नाय, ते तिथं बसतं.”

“अन् मेन गायक कोण?”

“दोघंबी.”

“कोरस?”

“कोरसच नाय.”

“बाई गं! अन् मी लग्नापासून मामाच्या गायन पार्टीत तुमचीच ओळ तुमच्यामागं म्हणती. आपण दोघंच गाऊ, हे मामाला कवा सांगणार?”

“सांगतो की.”

“चौदा एप्रिलपासून हेच ऐकती.”

“मामाला लई राग यील.”

“येऊ द्या. पार्टीत रागवायला कोरस हायेच.”

तेवढ्यात गाणं थांबून फोन वाजला.

“घ्या. मामाच हायेत.”

“जय भीम, मामा. व्हय, बसमध्ये हाय. नाय, रूपा कोरसला येणार नाय. आजारी नाय, ठणठणीत हाय. मामा, ऐका तर... आम्ही पार्टी सोडतोय. हितून पुढं आम्ही दोघंच गाणार.”