तिसरी रांग

—नाही हो, अशी नाही, आधी तो खटका वर ओढा, मधली सीट पुढे पडेल. पडली? आता वाका, डोकं सांभाळा आणि सरळ आत शिरा. थांबा, मी पण येते. आई गं. पूर्वी मी यात एका दमात यायचे, आता गुडघे आधी विचार करतात आणि मग वाकतात. बसा, बसा ऐसपैस. त्यांना बघू दे पुढे काय बघायचंय ते. एकदा बॉनेट उघडलं म्हणजे लवकर सुटका नाही. तुमच्या मिस्टरांनी मेकॅनिक आणलाय आणि आमच्या ह्यांना ऐकून घेणारी दोन माणसं मिळालीत—आता ते ऑइलपासून सुरू करतील. आणि मी म्हणते, गाडी घेताना सगळे इंजिनच का बघतात? इंजिनात कुणी बसतं का? सात सीटची गाडी घ्यायची तर ही शेवटची रांग बघावी. कारण इथे कोण बसणार हे घरात आधीच ठरलेलं असतं, फक्त कुणी बोलून दाखवत नाही. तुमच्याकडे कोण बसेल? तुम्हीच ना? वाटलंच मला.

आम्ही ही घेतली तेव्हा घरात आम्ही दोघं, लेक, मुलगा, सासूबाई—आणि खालच्या मजल्यावर माझे दीर, भावजी, आणि त्यांची बायको. धाकटी म्हणते मी तिला. म्हणजे झाले सात. ह्यांचं म्हणणं, कुठेही जायचं तर सगळ्यांनी एकत्र जायचं, दोन-दोन गाड्या काढायच्या नाहीत. मग काय, शोरूम पालथी घातली आम्ही. तो विकणारा मुलगा ह्यांना ताकद सांगायचा, मायलेज सांगायचा, आणि माझ्याकडे वळला की म्हणायचा, मॅडम, इथे आरसा आहे. प्रत्येक गाडीत मला आरसा! मी विचारलं, स्टेपनी कुठे ठेवलीय, तर त्यानं उत्तर ह्यांना दिलं. शेवटी निकाल लावला सासूबाईंनी. त्या प्रत्येक गाडीत चढायच्या, बसायच्या, डोळे मिटायच्या आणि मान हलवून उतरायच्या. हिच्यात बसल्या त्या उतरेचनात. म्हणाल्या, चला आता घरी. अहो आई, ही दाखवायची गाडी आहे, असं सांगून उतरवावं लागलं त्यांना. रंगावरून तर सात जणांची सात मतं होती—आणि आला हा राखाडी, जो कुणीच मागितला नव्हता. का? तर तो लगेच मिळत होता, बाकीच्यांना वेटिंग. लेकीनं पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, हत्तीण. अजून तेच म्हणतो आम्ही.

हं, तर रांग. पुढे हे आणि भावजी, दोघे भाऊ. मध्ये सासूबाई, दोन्हीकडे मुलं. आणि इथे आम्ही दोघी जावा, सामानासकट. आता खरं सांगायचं तर धाकटीचं आणि माझं तेव्हा फारसं काही नव्हतं. भांडण नव्हतं हो, पण जिन्यात भेटलो तर हसायचं, बस. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची, सकाळी जायची, संध्याकाळी यायची. मला वाटायचं, आखडू आहे. तिला वाटायचं, मी आगाऊ आहे. पण इथे दोघींचे खांदे एकमेकांना लागलेले, आणि तिला गाडी लागायची! लग्न होऊन आली तेव्हापासून लागत होती आणि हिनं कुणाला सांगितलेलं नाही. मी पिशवी धरून बसायचे, ती लिंबू हुंगत बसायची. अशी पिशवी धरल्यावर माणूस परकं राहतं का? नाही राहत. आणि एक गंमत माहितीये का—इथलं बोलणं पुढे ऐकू जात नाही. पुढे एसीचा आवाज, ह्यांची गाणी, मुलांचं काहीतरी. आम्ही काय वाट्टेल ते बोलायचो. असंच एकदा ती म्हणाली, वहिनी, जो गाडी चालवतो त्याला म्हणे गाडी लागत नाही. म्हटलं, मग? म्हणाली, मग काय, शिकू या ना.

आणि शिकलो! दुपारी घरात सामसूम झाली की निघायचो. शिकवणाऱ्या बाई अशा जबरदस्त की काय सांगू, खिडकीबाहेर हात काढून ट्रकला थांबवायच्या. घरी सांगितलं, शिवणाच्या क्लासला जातो. मग सासूबाई विचारायच्या, अगं, शिवलंस काय ते दाखव तरी! मी बाजारातून एक उशीचा अभ्रा विकत आणून दाखवला. टाके बरे आहेत म्हणाल्या. लायसन्स आलं, दोघींनी कपाटात कपड्यांखाली ठेवून दिलं. का लपवलं म्हणता? अहो, ह्यांनी कधी नाही म्हटलं असतं असं नाही. पण मग हे शेजारी बसून शिकवायला लागले असते.

कळलं कसं तेही ऐका. डोंगरातला रस्ता, चढ, एका मागून एक वळणं, पुढे एक संथ ट्रक. आता आमचे भावजी म्हणजे मुलखाचे अबोल. तासन्‌तास हूं नाही की चूं नाही. पण त्या दिवशी काय झालं कोण जाणे, एकदम म्हणाले, तुला ओव्हरटेक कधी जमलंच नाही. झालं! हे पेटले. ट्रकवरून लहानपणच्या सायकलवर गेले, सायकलवरून आईवर आले. आईचं कोण जास्त करतं, आजारपणात कोण जागलं, कोण नुसतं खाली बसून राहिलं—आणि आई मागेच बसलीये, नातवंडांच्या मधे, सगळं ऐकत. भावजी पुन्हा गप्प. ते गप्प बसले की हे जास्त चिडतात. शेवटी ह्यांनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि दार उघडं टाकून मागच्या बाजूला चालत गेले, तिथल्या कठड्यावर पाठ फिरवून बसले. भावजी उतरले आणि चढावर चालायला लागले. दोघांची दोन तोंडं दोन दिशेला. गाडी सुरूच.  सासूबाईंनी नातवाचा गुडघा थोपटला. मग त्यांनी मान वळवून मागे पाहिलं. कसं कळलं त्यांना काय माहीत, अभ्रा बघूनच कळलं असणार. मला म्हणाल्या, "तुला येते का ही?"

मी म्हटलं, "येते."

"मग चल."

मी इथून उठले, सीटवरून पाय टाकत, मुलीच्या डोक्याला साडी घासत पुढे गेले. धाकटी शेजारी येऊन बसली. चढावर गाडी उचलायची, तीही एवढी हत्तीण! हळूहळू क्लच सोडला, जरा मागे सरकली, मुलगा ओरडला, आणि मग निघाली. अशी निघाली की काय सांगू! आरशात बघते तर हे कठड्यावरून उठून मागे धावताहेत. थोडं पुढे सपाटी लागली तिथे थांबवली. धापा टाकत आले, माझ्या बाजूचं दार उघडलं. मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "तू मागे बस." पुढच्या वळणावर भावजी भेटले. "तूही मागे बस." एवढाले दोन पुरुष, गुडघे हनुवटीला लावून, इथे, तुम्ही बसलात ना तिथे आणि मी बसलेय तिथे.  डोंगर उतरलो. मग मागून भावजींचा आवाज आला, क्लच जरा जास्त दाबते. आणि हे म्हणाले, हो, दाबते खरी. झाला समेट! माझ्या क्लचवर झाला. मी म्हटलं होऊ दे, सासूबाई आरशात हसताना दिसल्या मला.

त्यानंतर आम्ही दोघी आलटून पालटून चालवायचो. धाकटीला गाडी लागेनाशी झाली. पण कधी कधी मुद्दाम इथे येऊन बसायचो, बोलायला. बरं, तुला तू म्हटलं तर चालेल ना? माझ्या लेकीएवढी आहेस. तर एकदा धाकटी अशीच बसलेली, खिडकीबाहेर बघत म्हणाली, वहिनी, मला जायचंय. मला वाटलं हिला मळमळतंय, मी पिशवी शोधायला लागले. ती म्हणाली, तसं नाही. दुसऱ्या गावात आमच्या दुकानाची शाखा निघतेय, मला चालवायला देताहेत. म्हटलं, भावजी काय म्हणाले? म्हणाली, मी सांगितलं, त्यांनी पेपरचं पान उलटलं. म्हणजे बघ हं, माणूस वाईट नाही. कधी हात उचलला नाही, आवाज चढवला नाही. पण बोलायचंच नाही म्हणजे काय? नाही म्हणाले असते तर हिला भांडता तरी आलं असतं. ही इतकी वर्षं पान उलटल्याचा आवाज ऐकत जेवत होती.

मग—हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुला का सांगतेय देव जाणे. ही इथे बसल्याचा परिणाम असेल. एक दिवस सगळे कामावर गेल्यावर मी गाडी तिच्या दाराशी लावली. ही रांग आणि मधली, दोन्ही पाडल्या की मागे केवढी जागा होते, बघून थक्क होशील. तिची गादी, तिचं टेबल, डोळे तपासायची पेटी, आणि झाडं—झाडं सोडून जाईना ती, सगळ्या कुंड्या भरल्या. सकाळी तिनं भावजींना सरळ सांगितलं होतं, मी आज जातेय. ते हं म्हणाले. त्यांना वाटलं बाजारात. अर्धा रस्ता तिनं चालवली, अर्धा मी. गाणी म्हणत गेलो, शपथ. येताना मात्र—सात सीटची गाडी आणि आत मी एकटी. तेव्हा पहिल्यांदा कळलं ही किती मोठी आहे ते. संध्याकाळी भावजी वर आले, दारात उभे राहिले. ती कुठे गेलीय, विचारलं. मी म्हटलं, तुम्हाला सांगितलं नाही तिनं? म्हणाले, "सांगितलं. मी ऐकलं नाही." 

ह्यांना मी सांगितलं गाडी सर्व्हिसिंगला नेली होती. रविवारी हे गाडी धुवायला बसले. सीटखाली माती, पानं, एक अख्खी फांदी. हातात घेऊन आले. म्हणाले, सर्व्हिसिंगवाल्यांनी आत बाग केली होती वाटतं. मी भांडी घासत राहिले. त्यांनी फांदी पाण्याच्या ग्लासात ठेवली आणि परत खाली गेले, माती साफ करायला. पुन्हा कधी विषय नाही. सगळं गप्प बसणं सारखं नसतं बघ.

भावजी? सांगते ना. पावसाळाभर ते खाली एकटे. मग एकदा किल्ली मागायला आले. मी म्हटलं, गाडी भरून सामान आणायचं मनात असेल तर देणार नाही. म्हणाले, नाही, नुसतं भेटून येतो. गेले, तसेच परत आले. पुन्हा गेले. आता सुट्टी आली की तिकडेच असतात, तिच्या दुकानात काउंटरवर बसतात. परवा तिचा फोन होता—अगं, भावजींनी म्हणे स्वतःहून एका बाईला सांगितलं, ही फ्रेम तुम्हाला शोभते! आम्ही दोघी हसलो हसलो. परत येईल का ती? माहीत नाही गं. नाही यायची बहुतेक. तिथे छान चाललंय तिचं. तेच जात राहतील.

आता सासूबाई नाहीत, मुलं आपापल्या वाटेला. आम्ही दोघं आणि ही एवढी हत्तीण—भाजी आणायला जायचं तरी जागा शोधत फिरावं लागतं. म्हणून छोटी घेणार आहोत, माझ्या मापाची. वाईट काय वाटायचंय! तुम्ही घ्या खुशाल, खणखणीत गाडी आहे. तुझ्या सासूबाईंना चढताना बरी पडेल. आणि तू शिकून घे मात्र. येते? अगं, येते? मग घरी ठाऊक आहे ना?—बरं, बरं.

काय म्हणालीस? ही पाडायची कशी? सोप्पं आहे. हा पट्टा आहे ना पाठीमागे, तो ओढायचा आणि पाठ पुढे ढकलायची. एका हाताने होतं. हो, बाईमाणसाला एकटीला जमतं. गादी? डबलची बसणार नाही, एकट्या माणसाची सहज—

का गं विचारलंस?

नको. नको सांगू. माझ्याकडे बघ. ठीक आहे. ते बघ, बॉनेट लावलं त्यांनी, येताहेत इकडे. डोळे पूस आधी, हा घे रुमाल—

या, या. झालं का बघून? काही नाही हो, तुमच्या मिसेसना मागची सीट दाखवत होते. बाकी त्यांनी काही विचारलं नाही.