सहलीच्या आठ फोनांबद्दल भिंगवाल्यांचा जबाब

नाव स्वतंत्र नोंदवहीत लिहिले आहे. बाजारात सगळे मला भिंगवाले म्हणतात. वय सत्तावन्न. धंदा चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवण्याचा. राहणार दुकानाच्या वरच्या मजल्यावर, जिना दुकानातूनच आहे.

मी आज शनिवार, तारीख चौदा, दुपारी साडेतीन वाजता पोलीस ठाण्यात पत्नीसह हजर राहून, विचारल्यावरून, कोणाच्याही दबावाशिवाय सांगतो की, वरील ठिकाणी आम्ही दोघेच राहतो. लग्नाला एकोणतीस वर्षे झाली. मुलगी सासरी, दुसऱ्या शहरात आहे. पत्नी एका रुग्णालयात टेलिफोनच्या टेबलावर एकवीस वर्षे नोकरी करून मागच्या वर्षी निवृत्त झाली. तिचा आवाज चांगला आहे. हे अंमलदारांनी विचारले नव्हते, पण पुढच्या हकिगतीला ते लागते म्हणून सांगतो.

या महिन्याच्या तीन तारखेला, मंगळवारी, दुपारी सव्वादोनच्या सुमारास मी दुकानात काच घासत असताना वरून पत्नीच्या हसण्याचा आवाज आला. मी मशीन बंद केले. ती फोनवर बोलत होती. "नाही हो, अजून काही ठरवलं नाही," असे म्हणून ती पुन्हा हसली. बोलणे सव्वीस मिनिटे चालले. दुकानातले घड्याळ माझ्या समोरच असल्याने वेळ खात्रीने सांगतो. वर जाऊन कोणाचा फोन होता असे विचारले असता, "सहलीची पॅकेजं विकणारा होता. आपल्याला बक्षीस लागलंय म्हणे, समुद्राकाठचं हॉटेल, चार रात्री," असे तिने सांगितले. आपण कुठल्या सोडतीत कधी नाव दिले होते, हे मी विचारायला हवे होते. मी विचारले, "वय काय असेल त्याचं?"

त्यानंतर बुधवार, गुरुवार आणि शुक्रवारी त्याच वेळेला फोन आले. सदर इसम स्वतःला पर्यटन सल्लागार म्हणवत असे. मी त्याला सहलवाला म्हणतो. जेवण आटोपले की पत्नी फोन खिडकीत ठेवून शेजारी खुर्ची ओढून बसू लागली. मी खालून हाक मारली तर "आले, दोनच मिनिटं" असे म्हणे आणि येत नसे. मला ती कधी "दोनच मिनिटं बसा" असे म्हणाल्याचे आठवत नाही. गुरुवारी माझ्या हातून एका गिऱ्हाइकाची डावी काच उजवीकडे आणि उजवी डावीकडे बसली. ते गृहस्थ दुकानाच्या पायरीवरून पडता पडता वाचले. या धंद्यात माझ्याकडून असे आजवर झाले नव्हते.

संशय केव्हा आला, असे अंमलदारांनी विचारले. संशय मला पहिल्या दिवसापासून होता, पण तो पैशांविषयी नव्हता. न लपवता सांगतो की, मला त्या माणसाचा हेवा वाटत होता. शुक्रवारी मी जिन्यात उभा राहून ऐकले. त्याचे बोलणे ऐकू येत नव्हते, पत्नीचे तेवढे येत होते. "खिडकी मोठी हवी. सकाळी कुणी उठवायचं नाही. आणि चहा मी करणार नाही, आयता आला पाहिजे." हे तिने मला कधी सांगितले नव्हते. मी कधी विचारले नव्हते, हेही खरे आहे. तरी अंगाचा तिळपापड झाला.

त्याच संध्याकाळी मी तिला म्हणालो, "त्याच्याशी एवढं काय बोलायचं असतं?"

ती म्हणाली, "अहो, मजा येते. त्याला मध्येच तोडलं ना, की पुन्हा 'अभिनंदन'पासून सुरू करतो. समोर कागद धरून वाचतोय. मागे आणखी आठदहाजण तेच वाचतायत, स्पष्ट ऐकू येतं. हॉटेलचं नाव विचारलं की म्हणतो, पैसे भरल्यावर सांगतो. आणि गेले चार दिवस रोज म्हणतोय, ऑफर आज संध्याकाळपर्यंतच आहे. मी एकवीस वर्षं फोन उचललेत. मला काय—"

मी म्हणालो, "त्याचा विषय माझ्यासमोर काढायचा नाही."

ती उठून भांडी आवरू लागली. तिच्या त्या बोलण्यात फसवणुकीच्या सगळ्या खुणा एका जागी आल्या होत्या, असे अंमलदारांनी आज मला समजावून सांगितले. मी त्यातला "मजा येते" एवढाच भाग ऐकला होता.

शनिवारी, सात तारखेला, पत्नी बँकेत गेली होती आणि फोन घरी विसरली होती. सव्वादोनला तो वाजला. मी उचलला. आवाज तरुण आणि गोड होता, मी मनात धरला होता तसाच. मी सांगितले, "यापुढे जे काही असेल ते माझ्याशी बोलायचं. बायकोला फोन करायचा नाही." तो लगेच म्हणाला, "हो काका. एकदा नोंदणी झाली की मॅडमना फोन करायचं कारणच उरत नाही." मला हे पटले. दुकानाच्या फोनचा नंबर मी त्याला दिला आणि त्यावर त्याने कळवलेल्या खात्यात नोंदणीचे चौदा हजार तिथल्या तिथे भरले. पावती मागितली नाही, हॉटेलचे नावही विचारले नाही. मी सहल विकत घेत नव्हतो. त्याचा फोन बंद होण्याचे पैसे देत होतो.

सोमवारी, नऊ तारखेला, त्याने पुन्हा पत्नीलाच फोन केला. हसणे ऐकताच मी धावत वर गेलो आणि तिच्या हातातून फोन घेतला. कर राहिला आहे, असे तो म्हणाला. मी खाली येऊन एकवीस हजार भरले आणि "आता संपलं ना?" असे विचारले. तो हो म्हणाला. "कशाचे पैसे भरताय?" असे पत्नीने जिन्यावरून विचारले असता, काचांच्या व्यापाऱ्याचे, असे मी खोटे सांगितले.

मंगळवार ते गुरुवार फोन आला नाही. ते तीन दिवस मी सुखात होतो. पत्नी दुपारी खिडकीशी बसे आणि बंद फोनकडे एकदा बघे. तेही माझ्या डोळ्यांत खुपले.

काल शुक्रवारी त्याने मला फोन केला. समुद्राच्या बाजूची खोली हवी असल्यास आणखी अठरा हजार लागतील, असे म्हणाला. मी विचारले, "खिडकी मोठी आहे का?" तो म्हणाला, "काका, मॅडमना हवी तशीच ठेवलीय." माझ्या बायकोला कशी खिडकी हवी, हे तो मला सांगत होता. मी दात खाऊन पैसे भरले.

आज दुपारी सव्वादोनला वेगळ्याच माणसाचा फोन आला. तो परतावा विभागातून बोलत होता. तुमची फसवणूक झाली आहे, सगळे पैसे परत मिळवून देतो, फक्त फोनवर आलेला सहा आकडी कोड वाचून दाखवा, असे तो म्हणाला. फसवणूक हा शब्द ऐकून मला आनंद झाला, कारण सहलवाला चोर निघाला होता. मी आकडे वाचू लागलो. तेवढ्यात पत्नी खाली आली आणि तिने फोन हिसकावून बंद केला.

"किती आकडे सांगितलेत?"

"चार."

"याआधी काय काय दिलंत?"

मी सगळे सांगितले. ती ओरडली नाही. माझ्या कामाच्या टेबलावरचा काचांचा ट्रे बाजूला सारून तिथेच बसली आणि रुग्णालयातल्या आवाजात एकेक फोन करत गेली. आधी बँकेला फोन करून खाते गोठवले, मग तक्रारीच्या हेल्पलाइनवर क्रमांक घेतला आणि तो डॉक्टरच्या चिठ्ठीच्या मागे लिहिला. सगळ्या निरोपांचे फोटो माझ्याकडून काढून घेतले, एकही पुसू दिला नाही. बावीस मिनिटे लागली. कालचे अठरा हजार समोरच्या खात्यातून अजून उचललेले नव्हते, ते अडवले आहेत आणि परत मिळण्याची आशा आहे, असे बँकेने कळवले. आधीचे पस्तीस पुढे कुठे गेले, याचा तपास व्हायचा आहे.

"ताईंनी वेळेत केलं, नाहीतर खातंच साफ झालं असतं," असे अंमलदार म्हणाले आणि पत्नीकडे बघून हसले. पत्नीही हसली. हे नोंदवावे, अशी मी विनंती केली. त्याची गरज नाही, असे मला सांगण्यात आले. माझ्या आग्रहावरून नोंदवले आहे.

आणखी काही सांगायचे आहे का, असे विचारले असता सांगतो की, पैसे मिळोत न मिळोत, आरोपी सापडल्यास त्याला एक गोष्ट जरूर विचारावी. त्या दुपारी माझी पत्नी त्याच्याशी काय बोलत होती आणि कशाला हसत होती? अकरा दिवस मला दुसरे काही सुचलेले नाही.

अंमलदारांनी लिहिता लिहिता मान वर केली. "काका, त्या तुमच्या शेजारीच बसल्यात. त्यांनाच विचारा की."

मी विचारले.

पत्नी म्हणाली, "तो म्हणायचा, पॅकेज जोडप्यालाच मिळतं. मी म्हणायचे, मला एकटीला हवंय. तो म्हणायचा, मॅडम, एकट्या कशा जाणार, घरचे काय म्हणतील? रोज तेच. हसू नाहीतर काय करू? खोटीच सहल, पण तीसुद्धा एकटीला मिळेना."

मी विचारले, "एकटीला कशाला?"

ती म्हणाली, "जिन्यात तुम्ही उभे नाही, अशी एक दुपार बघायची होती."

तिचे हे बोलणे जबाबात घेऊ नये, असे मी अंमलदारांना सांगितले. ते खोडण्यासाठी त्यांनी त्या ओळीवर पेन टेकवले, तेव्हा राहू द्या, असे मी सांगितले.

वरील मजकूर मला सुरुवातीपासून मोठ्याने वाचून दाखवला. पत्नीनेही ऐकला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिला आहे आणि खरा आहे. खाली सही करत आहे.