दोन्ही बाजूंना तेच करायचं

...नाही, मला एक सांगा, ज्या माणसाने सव्वीस वर्षं तराजू दुरुस्त केले, त्याला समीकरण शिकवताना तराजूचं उदाहरण द्यायचं? माझ्या डोळ्यांत डोळे घालून? "बाबा, समीकरण म्हणजे तराजू हो. या पारड्यातून तीन काढले तर त्या पारड्यातूनही तीन काढायचे. दोन्ही बाजूंना तेच करायचं!"

ही आमची सूनबाई. शाळेत गणित शिकवते. शाळेत चाळीस पोरं कमी पडली म्हणून घरी सासरा.

आणि मी हे कशाला शिकतोय, माझी हौस? तुम्हाला सांगतो, आमच्या काटे-दुरुस्तीच्या कारखान्यात नवा साहेब आलाय. आल्या आल्या फतवा. काय, तर ज्याने काटा दुरुस्त केला त्यानेच त्याला शिशाचं सील मारायचं, आणि सील मारणारा गणिताचा पेपर पास पाहिजे! माझी सीलची पक्कड, सव्वीस वर्षं माझ्या हातात घासून तिची मूठ गुळगुळीत झालीय हो, ती साहेबाने स्वतःच्या खणात टाकली आणि वर किल्ली फिरवली. "पास व्हा, घेऊन जा." असं, हसत! दांडीच्या काट्यांना हात लावणारा कारखान्यात मी एकटा, बाकीचे सगळे बटणवाले, आकडे लुकलुकले की खूश. आणि पक्कड कुणाची बंद? माझी!

म्हणून बसलो. संध्याकाळी सहा ते सात, जेवणाच्या टेबलावर, समोर सूनबाई, हातात लाल पेन. लाल! मला!

पहिल्याच दिवशी भांडण. ती म्हणते, "बाबा, हा क्ष." म्हटलं, कोण हा? "अजून माहीत नाही." माहीत नाही तर पारड्यात बसवला कशाला? गिऱ्हाईक आलं तर मी असं सांगू, की बाई, तुमची भाजी क्ष किलो, घरी जाऊन सोडवा? आणि हा क्ष रोज वेगळा! सोमवारी सात होता, मंगळवारी उणे दोन. उणे दोन किलोची वस्तू दाखवा मला एक. दाखवा! पारड्यात काय ठेवायचं, खड्डा?

मग म्हणे संख्या पलीकडे गेली की चिन्ह बदलतं, अधिकची उणे होते. का? मी घरातून कारखान्यात जातो तेव्हा मिशी काढून जातो का? "अहो बाबा, ती जात नाही कुठे, आपण दोन्ही बाजूंतून वजा करतो... दोन्ही बाजूंना तेच करायचं!"

आता इथेच माझं डोकं फिरतं. अगं, काटा कलला की आम्ही काय करतो? जी बाजू खोटी, तिलाच कानस लावतो! एकाच बाजूला! दोन्ही बाजूंना तेच केलं तर तो जन्मभर कललेलाच राहील ना? सव्वीस वर्षं मी एका बाजूला काम करून बरोबरी आणली, आणि ही मला सांगते... जाऊ दे. बरं, या घरात तरी कोण दोन्ही बाजूंना तेच करतं? मुलगा चहाचा कप टेबलावर ठेवून उठला तर बायको सुनेला म्हणते, "दमलाय गं तो." मी ठेवला तर "हात मोडले का?" कुठे गेलं समीकरण?

आणि सगळ्यात राग कशाचा आला सांगू? मी एक गणित अर्धा तास घेऊन बसलोय, घाम फुटलाय, पेन चावून चावून त्याचं टोपण गेलंय, आणि स्वयंपाकघरातून बायको ओरडते, "नऊ!" कढई घासता घासता! तिला कुणी विचारलं होतं? सूनबाई म्हणते, "अय्या आई, बरोबर!" मग काय, रोजच. "चार!" "उणे एक!" मी दार लावून घेतलं तर भिंतीवर चमचा वाजवून उत्तर. पाच टकटकी, क्ष बरोबर पाच!

पण शिकलो. खोटं नाही बोलणार. तीन महिन्यांनी मला क्ष सुटायला लागला, आणि पहिल्यांदा सुटला तेव्हा, हसू नका, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. म्हटलं, आली पक्कड हातात.

परीक्षेला गेलो. पेपर सोपा. शेवटचा प्रश्न, चार मार्कांचा, आणि काय छापलं होतं? तराजू! डाव्या पारड्यात दोन सारख्या पेट्या आणि सहा किलोचं वजन, उजव्यात अठरा किलो, दांडी आडवी. एका पेटीचं वजन काढा. मी म्हटलं, या, घरचेच पाहुणे! पण जरा निरखून बघतो तर... दांडी मधोमध टांगलेलीच नाही! खोटा काटा! परीक्षेच्या पेपरात, सरकारी शिक्क्याखाली, खोटा काटा! मी पट्टी काढली, मोजलं. डावी बाजू सहा सेंटीमीटर, उजवी सात. आता हे डोळ्यांआड करायचं? सव्वीस वर्षं काय केलं मग? मांडलं समीकरण बाजूंची लांबी धरून. डावीकडचं सगळं गुणिले सहा, उजवीकडचं गुणिले सात, दोन्ही बाजूंना सहाने भागलं, दोन्ही बाजूंतून सहा वजा केले, दोन्ही बाजूंना तेच केलं हो, तंतोतंत! उत्तर, साडेसात किलो. खाली टीपही लिहिली, "काटा सदोष आहे, वापरात आणू नये."

शून्य!

चारपैकी शून्य! त्यांचं उत्तर म्हणे सहा. पासाला पस्तीस, मला तेहतीस. मी परीक्षा खात्याकडे अर्ज केला, पट्टी ठेवून आकृती काढून पाठवली. उत्तर आलं एका ओळीचं, "आकृती प्रमाणबद्ध नाही, सबब विचार होणार नाही." अहो, तेच तर मी सांगतोय! सूनबाईने माझी उत्तरपत्रिका तीनदा तपासली आणि लाल पेन खाली ठेवलं. म्हणाली, "बाबा, तुम्ही त्यांच्यापेक्षा अवघड गणित सोडवलंत." मग म्हटलं पक्कड देशील का?

आणि परवा काय झालं, ऐका. कारखान्यात माझ्या टेबलावर एक काटा आला. जुना, पितळी, दांडीचा, पार्सलं तोलायचा. चिठ्ठी बघतो तर परीक्षा खात्याचा! हात शिवशिवले, म्हटलं तसाच परत पाठवतो, वर चिठ्ठी लिहितो, "काटा प्रमाणबद्ध नाही, सबब विचार होणार नाही." लिहिलंसुद्धा. पण कललेला काटा समोर आणि मी गप्प बसायचं... नाही जमलं. चिठ्ठी फाडली, उजव्या बाजूला कानस लावली, फक्त उजव्या, आणि काटा आला मधोमध. असा छान!

काल त्यांच्या कारकुनाचा फोन. "झाला का काटा?" झाला. "मग पाठवा." सील नाही. "मारा की!" पास नाही. "मग पास व्हा!" अहो, परीक्षा घ्या की! तर तो म्हणतो, "प्रश्नपत्रिकांची पार्सलं तोलल्याशिवाय जात नाहीत, आणि सील नसलेल्या काट्यावर आम्हाला तोलता येत नाही..."

घरी येऊन सूनबाईला सांगितलं. परीक्षा नाही म्हणून सील नाही, सील नाही म्हणून काटा नाही, काटा नाही म्हणून परीक्षा नाही. तिने कागदावर मांडलं, खोडलं, परत मांडलं. आणि स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "अहो, याला उत्तरच नाही!"

म्हटलं, आहे की. ते तिकडे अडकलेत, मी इकडे अडकलोय. दोन्ही बाजूंना तेच केलंय!