पुलापलीकडचं अस्वल

हसू नका, पण मी सविताशी आजवर एकदाच खोटं बोलले, आणि तेही एका कार्टूनमधल्या अस्वलामुळे.

आमच्या शाळेत एक जुनी सीडी आहे. कुठल्या देशाची, कोणालाच ठाऊक नाही. त्यात कापडाचं अस्वल बर्फातून आपलं घर शोधत जातं. त्याची भाषा कळत नाही, म्हणून मी आणि मानोरा गावाजवळच्या तांड्यावरची सविता त्याच्या तोंडी आमचेच शब्द घालायचो.

"माय वं, पाय गारठले माहे!" सविता ओरडायची.

पण अस्वल पुलावर आलं की सीडी अडकायची. शेवट आम्ही कधीच पाहिला नव्हता.

दिवाळीनंतर सविताचे आईबाबा ऊसतोडीला निघाले आणि तिलाही घेऊन गेले. ट्रकमधून ती म्हणाली, "अस्वल घरी पोचते का नाही, पाहून ठेव. थे पोचलं तं मी बी दहावीच्या परीक्षेले येतो."

"काहीही काय वं!"

"काहून? लाव पैज."

पुढे सरांनी तो सिनेमा मोबाइलवर शोधून दिला. पुलापलीकडे घर होतं, पण दार बंद होतं. अस्वल पायरीवर बसलं आणि त्याच्यावर बर्फ पडत राहिला. सिनेमा तिथेच संपला.

रविवारी सविताचा फोन आला.

"पोचलं काय वं?"

"पोचलं. त्याच्या मायनं दार उघडलं."

"मंग येतो मी," ती म्हणाली.

आज दहावीचा पहिला, मराठीचा पेपर झाला. माझ्या पुढच्या बाकावर तिचा नंबर चिकटवलेला होता. तीन तास मधे कोणाचं डोकं न येता मला समोरचा फळा स्वच्छ दिसत होता.