कावळा बसल्याचा सांगावा

माहा जन्म तळेगावचा, श्यामजी पंताच्या तळेगावचा, अन् लग्न झाल्यापासून मी इथं वर्ध्याले हाय, कॉलेजच्या पोरायच्या मेसमध्ये पोळ्या लाटते, हात पाहा, अंगठ्याजवळ कसं कडक झालं हाय ते. माय मी लहान असतानाच गेली, मले दादानं वाढवलं, माह्या मोठ्या भावानं. संत्र्याच्या बागेत जाये तं खांद्यावर बसवून नेये, माह्या वेण्या बी तोच घाले, वाकड्यातिकड्या, शाळेतल्या पोरी हसत, पन मी त्या कोनाले सोडू देत नव्हती. दादानं घातल्या, मी म्हने.

तुमी इचारता ताई, मोबाईल आल्यानं चांगलं झालं का वाईट. काय सांगू जी तुमाले. चांगलंच म्हना. पोरगी पुण्याले हाय, तिच्या लेकराचा पहिला दात मी इथं चुलीपुढे बसून पाह्यला. पन त्याच मोबाईलनं मले मारलं, ते बी खरं हाय. हसू नका, आयका.

आमच्याकडे कावळा डोक्यावर बसला का अपशकुन, मरन येते म्हनतात. त्याच्यावर उपाय हाय. ज्याच्यावर बसला तो मेला असा खोटाच सांगावा धाडाचा, बाई असन तं तिच्या भावाकडे, भाऊ रडला का मरन आपलं आलं तसं फिरून जाते. मी लहान असताना काकीच्या डोक्यावर बसलता, तवा शेजारचे किसनबुवा सायकलवर आर्वीले गेलते काकीच्या भावाकडे. ते दारात उभे राह्यले, तुमची बहीन गेली म्हने, घरात रडारड झाली, अन् तिथंच उभ्या उभ्या बुवा म्हनाले, कावळा बसलता, बहीन खुशाल हाय. मंग रडता रडता सारे हसले, बुवायले जेवू घातलं. ज्या तोंडानं रडवलं त्याच तोंडानं हसवलं, समजलं का तुमाले? सांगनारा मानूस दारातून हालला नव्हता.

मागच्या उन्हाळ्यात मी गच्चीवर कुरड्या घालून राह्यली होती. भर दुपार, कुठं चिटपाखरू नाई, अन् डोक्यावर काहीतरी बसलं. जड होतं. नखं केसात रुतली. मी हालली नाई, ते बी हाललं नाई, मले वाटलं हे काही आता उठत नाई. पोराच्या बापानं जिन्यातून पाह्यलं. हा मानूस देवाची बी थट्टा करते, पन त्या दिवशी चेहरा पांढरा झालता. म्हने, नितीन, तुह्या मामाले सांगावा धाड.

नितीन म्हंजे आमचा पोरगा. आता तळेगावले कोन जाते एवढ्या उन्हात, तो म्हने मोबाईलवर आवाज भरून पाठवतो, मामाशी समोरासमोर खोटं बोलाले मले जमनार नाई, लगेच दुसरा फोन करून खरं सांगून देऊ. मोबाईल तोंडापुढे धरला, अन् म्हने, मामा, आई गेली. बस एवढं म्हनला अन् त्याले रडू आलं. खोटं नाई, खरं रडू, हुंदके देऊन, बोट त्या मोबाईलवर तसंच. मी बाजूले बसून माह्या मौतीचं रडनं आयकत होती. मले पानी मांगावं वाटलं, पन आवाज काढाची हिंमत नाई झाली, मधात मेलेल्या बाईचा आवाज कसा जाईन?

मंग फोन केला. दादा उचलत नाई. नितीनच्या मोबाईलवरून केला, माह्यावरून केला. पुढचं मले वहिनीनं सांगतलं, तिले दादानं सांगतलं ते. दादानं तो आवाज आयकला, अंगनात खाली बसला, अन् तेवढ्यात मोबाईल वाजला, वर माहं नाव, माहा फोटो. मेलेली बहीन फोन करून राह्यली. त्यानं तो मोबाईल नेऊन गव्हाच्या कोठीत खुपसला, अन् मोबाईल गव्हात वाजत राह्यला. मीच वाजवत होती, इकडून, उचल रे दादा म्हनत.

संध्याकाळी वहिनी बाजारातून आली, तवा कुठं तिचा मोबाईल लागला, तिले आमी खरं सांगतलं. ती चिडली, हसली, मंग दादाले सांगतलं. तो म्हने, तुमी मले समजावून राह्यले. नितीन असा खोटा रडत नाई.

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं गेली. दादा दारातच होता. त्यानं माह्या तोंडाकडे नाई पाह्यलं, पहिले पायाकडे पाह्यलं, पाय उलटे हायत का म्हनून. मंग म्हने, बसा. ताई, मले बसा म्हने. ज्यानं माह्या वेण्या घातल्या तो. मी त्याचा हात धराले गेली तं त्यानं हात मागं घेतला.

दहाव्या दिवशी त्यानं घराच्या छपरावर माह्या नावानं भाताचा घास ठेवला. कावळा येईना. तवा तो हात जोडून म्हने, रुखमा, यंदाच्या भाऊबीजेची साडी राह्यली ना तुही, देईन मी. अन् वहिनी म्हनते, शब्द तोंडातून निंगाले अन् कावळा झडप घालून घास घेऊन गेला. मंग त्याले कोन काय समजावनार? इकडे कावळ्यानं सांगतलं मी जानार, तिकडे कावळ्यानं सांगतलं मी गेली. मधात माहं कोन आयकते?

बाकी तो शहाना हाय. बागेचं पाहते, व्यापाऱ्याशी भांडते. फक्त रोज दिवेलागणीले नितीनचं ते रडनं एकदा लावून आयकते. नितीन म्हने मिटवून टाका ते, पन दादा मोबाईल कोनाच्या हातात देत नाई.

भाऊबीजेले मी गेली. तो पाटावर बसला. मी ओवाळलं, त्यानं डोळे मिटून घेतले, सारा वेळ मिटलेलेच. मंग चाचपत ताटात साडी ठेवली, हिरवी, नवी, अन् हळूच म्हनला, आता घेतली ना रुखमा. आता येऊ नको.

मी उठली. एसटीत खूप रडली, बाजूची बाई इचारे, कोन वारलं हो. मी काय सांगू तिले?

आता नाई जात. कधी आंघोळ करताना मी बी आपले पाय पाहून घेते, जागेवर हायत का म्हनून, हसू बी येते अन् भेव बी वाटते. दादावर माहा राग नाई, पोळ्या लाटता लाटता देवाले तेच मांगते का त्याले सुखात ठेव, त्याची बाग बहरू दे. तुमी पुन्हा याल तं फोन नका करजा, तशाच येजा, दारात उभ्या राहून हाक मारजा.

साडी पेटीत हाय, घडी मोडली नाई. आमच्यात बाई गेली का शेवटचं लुगडं मायेरून येते, भाऊ घेऊन येते. माहं येऊन पडलं हाय. मी खरी जाईन तवा नितीन फोन करन, मामा, आई गेली म्हनन, अन् दादा म्हनन, हो बाबू, मले मालूम हाय.