डेअरीचा छातीएवढा ओटा

एर्गोनॉमिक्स शिकलो म्हटलं की आपल्याकडं लोक तोंडाकडं बघतात. अरे, माणसाच्या मापानं काम बेतायचं, कंबर मोडू द्यायची न्हाई, एवढंच ते. दुष्काळात केजकडच्या एका दूध सोसायटीत कामाची पाहणी करून अहवाल द्यायला गेलतो. पिकं जळालेली, घरं दुधावरच चालायची, अन् बाया भरलेले कॅन छातीएवढ्या ओट्यावर चढवायच्या. मी टेप काढून त्यांच्या कोपराची उंची मोजायला लागलो, तर म्हातारी सखूबाई म्हणाली, "पोलकी शिवतूस का रं लेकरा?"

मी सचिवाला विचारलं, "ओटा एवढा उंच कावून?"

"उद्घाटनाला नारळ फोडताना चेअरमन साहेबांना वाकावं लागू न्हाई म्हणून."

"मग आता पाडा की."

"साहेबांच्या नावाची फरशी हाय त्याला. कसा पाडता?"

सखूबाईनं ते ऐकलं अन् बायांना घेऊन टोपल्या भरभरून मुरूम आणला. संध्याकाळपर्यंत ओट्यापुढची जमीनच हातभर वर आली. अहवालात मी सखूबाईचं नाव घालून सगळं लिहिलं.

पुढच्या बैठकीत चेअरमननं माझीच पाठ थोपटली. म्हणाला, "ओटा न पाडता जमीन उचलली! असलं शिकल्याबिगर सुचत न्हाई."