डावा दरवाजा धरून

आणि वर मलाच म्हणतात, गुणवंती फार बोलते… तुम्हाला सांगते, मी त्या गाडीत बोलायला बसलेच नव्हते, मी बसले होते दरवाजा धरायला. पुढचा, डाव्या बाजूचा. तो लागायचाच नाही हो. आतून कुणी धरून बसलं तर बंद, नाहीतर प्रत्येक वळणावर सताड उघडा.

गाडी आमच्या शेजारच्या सकिनाभाभीच्या सासऱ्यांची. ते बोटीवर नोकरीला होते तेव्हा कधीतरी घेतलेली, टप नसलेली, वरून अगदी मोकळी. वीस वर्षं तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. मग भाभीचा मुलगा अझीम कतारहून आला, म्हणाला, परत नाही जायचं, गाडी दुरुस्त करतो, पाहुण्यांना बसवून रत्नागिरी दाखवतो. आठ महिने पोरगा गाडीखाली, आळीला त्याचे फक्त पाय ओळखीचे. शेवटी भाट्याचा एक हॉटेलवाला म्हणाला, माझ्याकडे पुण्याचं जोडपं उतरलंय, त्यांना फिरवून आण, आवडलं तर दर शनिवार-रविवार पाहुणे तुझे. आणि नाही आवडलं तर? तर बावीस तारखेचं दोह्याचं तिकीट कपाटात तयार.

सकिनाभाभी मला पडवीत ओढून म्हणाली, "गुणा, मागच्या खेपेला गेला तो बापाच्या मयतीला पण पोचला नाय. तू दरवाजा धर, पण अल्लाच्या वास्ते तोंड उघडू नको." म्हटलं, मला काय करायचंय? मी आपली गप्प.

निघालो. थिबा पॅलेसला अझीमने कागद काढला. "ब्रह्मदेशाच्या राजास इंग्रजांनी येथे स्थानबद्ध ठेवले होते…" शाळेत कविता म्हणतात ना, तसं, आणि अडखळला की पुन्हा ब्रह्मदेशापासून. मागे त्या बाई मोबाईल बघायला लागल्या, त्यांचे यजमान जांभया दाबतायत, दाबून दाबून डोळ्यांत पाणी. अझीमला आरशात ते सगळं दिसत होतं. कान लाल झाले बिचाऱ्याचे. माझ्या जिभेवर काय काय आलं होतं… पण मी आपली गप्प.

बरं, आमच्याकडे टप नसलेली गाडी रस्त्यावर येते कधी? वरातीला. नाक्यावर आमच्या आळीतला धाकूअण्णा सायकलवरून उतरून उभा, "काय गो गुणा, कुणाची वरात?" मी नुसती मान हलवली. पुढे एक म्हातारी आत वाकून त्या यजमानांना निरखून म्हणते, "नवरा जरा जून वाटतो." यजमान एकदम ताठ बसले. तरी मी गप्प, हां.

मग खाली मिरकरवाड्याकडे जाताना त्या बाईंनीच विचारलं, "अहो, हे आंब्याचं झाड भिंतीतून कसं उगवलंय?" अझीमने कागद उलटा केला, सुलटा केला. "एक मिनिट, मॅडम." मी मनात दहापर्यंत मोजलं. दहा म्हणजे थोडे नाहीत. मग म्हटलं, अहो, झाड भिंतीतून नाही, भिंत झाडातून गेलीय. दोघे भाऊ वेगळे झाले, कलम आलं बरोबर मधोमध, तोडायचं कुणी? म्हणून ठरलं, आंबा ज्याच्या अंगणात पडेल त्याचा. आता मे महिनाभर दोघी जावा दुपारच्या झोपत नाहीत, वारा कुठल्या बाजूचा ते बघत बसतात…

आणि मला हातांशिवाय बोलता येत नाही. दरवाजा सुटला, अझीमने ब्रेक मारला, आणि समोर रिकामी पाटी घेऊन आमची मासेवाली काशी. "बरा थांबलास रे, बंदरावर सोड मला," म्हणत माझ्या शेजारी चढलीसुद्धा. वर मलाच म्हणते, "खोटं सांगू नको गो पावण्यांना. धाकटी जाव आता काठीला घळाची जाळी लावून काढते, पलीकडचे आंबे." मागचे दोघं सीटवरून पुढे वाकले. "मग मोठी काही बोलत नाही?" मोबाईल गेला पर्समध्ये. बंदर आलं, काशी उतरली, तर बाई अझीमला म्हणतात, "गाडी वळवा, ते झाड पुन्हा बघायचंय."

घरी आल्यावर सकिनाभाभीच्या तोंडाकडे बघायची छाती होत नव्हती. तोंड उघडलं होतं ना मी. दुसऱ्या दिवशी हॉटेलवाल्याचा फोन. "गाडी छान, मुलगा गुणी. इतिहास थोडा कमी कर. आणि त्या दरवाजा धरणाऱ्या बाईंना कायम ठेव." भाभीने तिकीट रद्द करायला लावलं आणि गरम सांदणं घेऊन माझ्याकडे आली, नुसती रडली.

तेव्हापासून दर शनिवार-रविवार मी गाडीत. दरवाजा केव्हाच दुरुस्त झाला, तरी मी धरूनच बसते, नाहीतर हात आवरत नाहीत. पण आळी सुटली हो माझी. परवा सावर्ड्याचे पाहुणे बसले होते, सहज म्हटलं, इकडे काही काम काढलंत का? तर म्हणतात, "भाच्यासाठी मुलगी बघून आलो, शमिका नाव, सुपारी फुटली सकाळी." शमिका. माझ्या समोरच्या घरातली. भिंतीला भिंत नाही, पण खिडकीला खिडकी…

आणि ते मला सांगायचं कुणी, तर सावर्ड्याच्या माणसांनी.

मांडवी येईपर्यंत मी खरंच गप्प होते.